हात तोच ठेव, पाय सरकव

सुरीफेक शिकायची आहे ना? मग आधी एवढं मनात धर: सुरी जोरानं रुतत नाही, अंतर जुळलं की रुतते.

स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना हात लावू नकोस. त्यांचं पातं कडक आणि पातळ. आपटलं की टवका उडतो. एकाच पोलादी पट्टीची, 25 ते 30 सेंटिमीटर लांब, 200 ते 300 ग्रॅम वजनाची सुरी घे. टोक हवं, धार नको. सारख्या तीन घे, म्हणजे प्रत्येक फेक ताडून बघता येईल.

निशाणाला मऊ लाकडाच्या ओंडक्याची आडवी कापलेली जाड चकती लाव. सावर, पांगारा उत्तम. वलयं तुझ्याकडे असली की टोक रेषांमधून आत शिरतं. आडव्या रेषांच्या फळीवरून सुरी उसळते. लाकूड सुकलं की पाणी मार. जिवंत झाडावर कधीच फेकू नकोस.

आता फेक. हातोडी धरतो तशी मूठ धर. घट्ट आवळू नकोस. मनगट ताठ. हात डोक्यावरून सरळ खाली येऊ दे, सुरी आपोआप सुटेल. मुद्दाम गिरकी द्यायला जाशील तर प्रत्येक फेक वेगळी पडेल. साधारण तीन मीटरवर एक पूर्ण गिरकी होते. तिथूनच सुरुवात कर. स्पर्धांतली 3, 5, 7 मीटरची अंतरं नंतर.

सुरी काय सांगते ते वाच. मूठ खाली लोंबतेय? गिरकी अपुरी राहिली, वीतभर मागे सरक. मूठ वर उचललेली? गिरकी जास्त झाली, वीतभर पुढे ये. हात मात्र बदलायचा नाही. जमलेल्या जागी जमिनीवर खडूनं खूण कर.

उसळलेली सुरी थेट मागे येते, म्हणून बंद बूट आणि डोळ्यांना चष्मा हवाच. बघणारे तुझ्या बरेच मागे उभे राहतील. निशाणाच्या मागे वाट किंवा दार नको. सगळ्यांच्या सुऱ्या फेकून झाल्याशिवाय कुणीही उचलायला जायचं नाही. एका सुरीवर दुसरी आपटली की कडेला बारीक काटे उठतात. ते कानशीनं लगेच घास, नाहीतर पुढच्या फेकीला तळहात फाटेल.

आणि खांदा दुखायला लागला की थांब. थकलेला हात चुकीची फेक पक्की करतो, ती मोडायला मग दुप्पट मेहनत पडते.