हरवलेले ४.२ व्होल्ट

ओहमचा नियम तुम्हांला पाठ आहे. त्यावरची उदाहरणेही तुम्ही सोडवता. पण हाच नियम चिखलात अडलेली जीप बाहेर काढतो, असे कोणी सांगितले तर?

माझ्या एका मित्राचे गाव घाटमाथ्यावर आहे. त्याची जीप वीस वर्षांची जुनी. एरवी इंजिनाचा जोर तिच्या मागच्या दोनच चाकांना मिळतो. ती चिखलात जागच्या जागी फिरू लागली, की समोरचा खटका फिरवून पुढच्या चाकांनाही जोर द्यायचा. पावसाळ्यात वाडीवरचा आजारी माणूस खाली आणायला हाच एक आधार. गेल्या आषाढात मात्र खटका फिरवला, तर दिवा नुसताच लुकलुकत राहिला.

पूर्वीच्या जीपमध्ये हे काम हाताच्या दांड्याने होत असे. या जीपमध्ये ते विजेची एक छोटी मोटार करते. खटका फिरवताच इलेक्ट्रॉनिक नियंत्रक मोटारीला वीज देतो आणि मोटार आतला दुवा सरकवून पुढची चाके जोडते. काम झाल्याचा निरोप एक संवेदक देतो. काही सेकंदांत निरोप आला नाही, तर नियंत्रक वीज तोडतो व दिवा लुकलुकतो. म्हणजे काम झाले नाही, एवढेच दिवा सांगतो. का झाले नाही, ते आपण शोधायचे.

मिस्त्रींनी नियंत्रकाचा प्लग काढून त्याच्या तारांमधले विभवांतर मोजले. ते १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरीइतकेच भरले. "वीज पुरी येते, तेव्हा नियंत्रकच गेला," असे ते म्हणाले. नव्या नियंत्रकाची किंमत ऐकून मित्राचा चेहरा उतरला.

मिस्त्रींचे मोजमाप बरोबर होते. निष्कर्ष मात्र घाईचा होता. व्होल्टमापीचा रोध फार मोठा असतो. त्यामुळे प्लग काढलेला असताना तारांतून जवळजवळ धाराच वाहत नाही. ओहमच्या नियमाप्रमाणे विभवांतर = धारा × रोध. धारा शून्य, तर वाटेत कितीही गंजलेला सांधा असो, त्याच्यावरचे विभवांतरही शून्यच! दोष तिथेच असतो, पण दिसत नाही.

म्हणून आम्ही प्लग पुन्हा बसवला, खटका फिरवला आणि मोटार जोर लावत असताना त्याच तारांवर मोजले. आता फक्त ८.४ व्होल्ट! उरलेले ४.२ व्होल्ट कुठे गेले?

बॅटरीच्या धन टोकापासून नियंत्रकाच्या धन तारेपर्यंत मोजले, तर जवळजवळ शून्य. ती वाट निर्दोष. मग बॅटरीच्या ऋण टोकापासून नियंत्रकाच्या ऋण तारेपर्यंत मोजले आणि हरवलेले ४.२ व्होल्ट सापडले! ही तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला एका बोल्टने जोडलेली होती. बोल्टाखाली गंज चढला होता.

आता हिशेब करा. धारा ७ अँपिअर होती. गंजाचा रोध ४.२ ÷ ७ = ०.६ ओहम. मोटार व नियंत्रक यांचा मिळून रोध ८.४ ÷ ७ = १.२ ओहम. गंज नसता, तर धारा १२.६ ÷ १.२ = १०.५ अँपिअर झाली असती. मोटारीचा पीळ धारेवर अवलंबून असतो. तो एक तृतीयांशाने घटला, म्हणून दुवा सरकत नव्हता.

बॅटरीची तार सोडवून बोल्ट काढला, काचकागदाने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासले आणि बोल्ट पुन्हा घट्ट आवळला. खटका फिरवला. खट्‌ असा आवाज आला आणि दिवा स्थिर झाला. खर्च एका काचकागदाचा! मिस्त्रींनी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले : 'काम चालू असताना मोजा.'

हे तुम्हांलाही पडताळून पाहता येईल. टॉर्चचा थकलेला सेल घ्या. आधी नुसत्या सेलचे विभवांतर मोजा. मग त्याला १.५ व्होल्टचा छोटा बल्ब जोडून पुन्हा मोजा. आकडा का उतरला? इथे गंजलेला सांधा नाही. मग रोध कुठे दडला असेल? विचार करा आणि आपल्या शिक्षकांशी चर्चा करा.