क्षेत्रदोष आणि सोनोग्राफी : जन्मजात गर्भाशयविकृतींचे निदान

सुश्रुताचार्यांनी गर्भसंभवासाठी ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज हे चार घटक सांगितले आहेत. यांपैकी क्षेत्राच्या, म्हणजेच गर्भाशयाच्या, जन्मजात घडणीविषयी नाडी वा जिव्हा काहीही सांगत नाही, हे आम्ही जरा उशिराच शिकलो.

जिंतूर तालुक्यातील एक रुग्णा तीन गर्भस्रावांनंतर आमच्याकडे आली. ‘पुत्रघ्नी’ असे निदान करून आम्ही बस्ती, फलघृत व पुढे गर्भपाल रस अशी चिकित्सा दिली. चौथाही गर्भ टिकला नाही. तिच्या फाईलमधील सर्व सोनोग्राफी गर्भावस्थेतील होत्या; रिक्त गर्भाशयाची एकही नव्हती आणि ती मागवण्याचे आम्हासही सुचले नव्हते. नंतर केलेल्या तपासणीत ‘बायकॉर्न्युएट’ असा अहवाल आला. नांदेडला थ्रीडी सोनोग्राफी झाली तेव्हा तो प्रत्यक्षात ‘सेप्टेट’ गर्भाशय निघाला.

हा फरक समजून घेणे आवश्यक आहे. गर्भावस्थेत दोन म्युलेरियन नलिका साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत एकत्र येतात व त्यांमधील पडदा विसाव्या आठवड्याच्या सुमारास विरून जातो. नलिका नीट न जुळल्यास द्विशृंगी, तर पडदा शिल्लक राहिल्यास सेप्टेट गर्भाशय होतो. एकच नलिका वाढली तर तो एकशृंगी राहतो. आतून पाहता पहिले दोन्ही सारखेच दुभंगलेले दिसतात. भेद बाहेरील माथ्यावर असतो. द्विशृंगीत तेथे एक सेंटिमीटरहून खोल खाच असते, सेप्टेटमध्ये माथा जवळपास सपाट असतो. साध्या टूडी तपासणीत समोरून पाहिलेला हा छेद सहसा मिळत नाही, म्हणून थ्रीडीचे महत्त्व.

तपासणी मासिक चक्राच्या उत्तरार्धात करावी. त्या वेळी अंतःस्तर जाड व शुभ्र दिसतो आणि पोकळीचा आकार स्पष्ट होतो. अविवाहितेची तपासणी मूत्राशय भरलेले असताना पोटावरूनच करावी. चिठ्ठीवर नुसते ‘यूएसजी पेल्व्हिस’ न लिहिता पूर्वीचे गर्भस्राव, शेवटच्या पाळीची तारीख, माथ्याचा बाह्य आकार पाहण्याची विनंती आणि ‘दोन्ही वृक्क पाहावेत’ असे लिहावे. गर्भाशय व वृक्क यांची घडण परस्परसंबद्ध असल्याने एका बाजूचा वृक्क नसणे ही मोठी खूण ठरते. पाळी नियमित असूनही दर महिन्यास वाढत जाणारा शूल असलेल्या मुलीत तर हे विसरूच नये. एका बाजूचा रजोमार्ग बंद असू शकतो. अशा मुलीसाठी महिनोन्‌महिने अशोकारिष्ट नेणारी आई औषधी दुकानदार बंधूंना आमच्याही आधी दिसते.

एकशृंगीसोबतच्या अर्धविकसित शृंगात गर्भ राहिल्यास ते फुटून प्राणसंकट उद्भवते. तेथे चिकित्सेचा प्रयोग करू नये, तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

निदान झाले म्हणजे शस्त्रक्रिया ठरलीच, असेही नाही. 80 स्त्रियांच्या एका आंतरराष्ट्रीय तुलनात्मक अभ्यासात (2021) पडदा कापल्याने जिवंत अपत्य होण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. अभ्यास लहान आहे, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत. आम्ही दोन्ही बाजू त्या रुग्णेस सांगितल्या. तिने अजून निर्णय घेतलेला नाही. मात्र ही घडण तिच्या जन्मापूर्वीची आहे, तिच्या आहारविहाराचा यात दोष नाही, एवढे कागदावर लिहून द्या, अशी विनंती तिने केली. सासूबाईंना दाखवायचे होते. आम्ही ते लेटरहेडवर सहीशिक्क्यासह लिहून दिले.