बेरीज जुळली, पण माझी ओळ बरोबर आहे का?



सध्या कोणत्याही गावात समूहाच्या बैठकीला गेलं की लोकोस ॲपचा विषय निघतो, आणि विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, आता समदं मोबाईलमंधी टाकता ना, मंग वही काहून लिहा लागते?" प्रश्न रास्त आहे. सीआरपी ताई एकच गोष्ट दोनदा लिहिते, आधी वहीत आणि मग ॲपमध्ये. बैठक लांबते, तिकडं चुलीवरचा स्वयंपाक राहिलेला असतो, कापूस वेचायला जायचं असतं. म्हणून या वेळच्या पाठाला लोकोसच घेतलं आहे. कोणतं बटण कुठं दाबायचं ते मी इथं सांगणार नाही, ते सीआरपी आणि लिपिका तायांच्या प्रशिक्षणात होतं. ज्यांच्या हातात ॲप नाही पण ॲपमध्ये ज्यांचं नाव आहे, त्यांच्यासाठी हा पाठ आहे. म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांसाठीच.

लोकोस, किंवा कोणताही डेटाबेस, म्हणजे शेवटी रकाने पाडलेली वही. आपल्या बचत व कर्ज खतावणीत जसं एका बाईचं नाव, पुढं तिची बचत, कर्ज, परतफेड, बाकी असते, तसंच तिथंही असतं. एका सभासदाची एक ओळ. आपली वही सचिव ताईच्या पेटीत असते आणि ती पाहायची तर तिच्या घरी जावं लागतं. मोबाईलमधली ओळ मात्र बाभुळगावात भरली तरी यवतमाळला, मुंबईला, दिल्लीला त्याच दिवशी पाहता येते. नेटवर्क नसलं तर ती फोनमध्ये थांबते आणि नेटवर्क आल्यावर पुढं जाते. बेंबळा धरणाकडच्या काही गावांत फोन घेऊन उंचवट्यावर जावं लागतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हे एकदम झालेलं नाही. 1992 साली नाबार्डने देशभरात 500 गट बँकेला जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हा बँकेचा माणूस गटाची वही हातात घेऊन पानं उलटायचा आणि कर्ज द्यायचं की नाही ते ठरवायचा. 2015 च्या मार्चमध्ये नाबार्डनेच 'ई-शक्ती' सुरू केलं. त्याचे पहिले दोन जिल्हे होते झारखंडमधला रामगढ आणि आपल्या महाराष्ट्रातला धुळे. गटाची वही कॉम्प्युटरवर चढायला तिथून जोर आला. उमेद अभियान 2011 पासूनचं, आणि आपला यवतमाळ जिल्हा पहिल्या टप्प्यातल्या सघन जिल्ह्यांमध्ये होता. त्यामुळं आपल्याकडचे बरेच समूह चांगले जुने आहेत. जुने समूह म्हणजे जुन्या वह्या, आणि जुन्या वह्या म्हणजे दोन-तीन लिपिकांची अक्षरं. ॲपमध्ये माहिती चढवताना खरी कसरत तिथंच होते.

आता मुख्य मुद्दा. उदाहरण घेते, हाताशी कागद असेल तर आकडे मांडून पाहा.

समजा एका समूहात बारा जणी आहेत. महिन्याची बचत 100 रुपये. त्यातल्या एका ताईने जून महिन्यात सोयाबीनच्या बियाण्या-खतासाठी 12,000 रुपये कर्ज घेतलं, महिन्याला शेकडा दोन रुपये व्याजाने, आणि दर महिन्याला 1,000 रुपये मुद्दल फेडायचं ठरलं. पहिल्या महिन्यात ती बैठकीत किती पैसे ठेवेल? बचत 100, मुद्दल 1,000, व्याज 240. एकूण 1,340. नोंद करणाऱ्या ताईने गडबडीत हे सगळे 1,340 बचतीच्या रकान्यात टाकले. काय झालं? जमा झालेले पैसे बरोबर. रोकड वही जुळली. बँकेत भरणा जुळला. ॲपनेही काही हरकत घेतली नाही, कारण त्याला बेरीज कळते, पैसे कशाचे ते कळत नाही. पण त्या ताईच्या ओळीत बचत जास्त दिसते आणि कर्जाची बाकी 12,000 ची 12,000 च. तिने तर हप्ता भरला, आणि नोंदीत ती थकबाकीदार झाली.

हीच चूक वर्षभर कोणी पकडली नाही असं धरू. मुद्दल दर महिन्याला 1,000 ने कमी होत गेलं तर वर्षाचं व्याज होतं 1,560 रुपये. मुद्दल कागदावर हललंच नाही तर तेच व्याज दिसतं 2,880. फरक 1,320 रुपयांचा. आपल्याकडं निंदणाची चार-पाच दिवसांची मजुरी झाली ती.

दुसरा प्रकार नावाचा. आपल्या समूहांत दोन वंदना, दोन सुनीता, कधी तर एकाच आडनावाच्या दोन सुनीता असतात. एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर पडला तरी समूहाची एकूण बाकी तीच राहते. वरून पाहणाऱ्याला, मग तो बँकेचा असो की आमच्यासारखा तालुक्याचा, काहीच खटकत नाही. हे ओळखू शकणारी व्यक्ती एकच, जिने पैसे भरले ती बाई. म्हणून मी बैठकीत सारखी म्हणते, "एकूण किती झाले ते नंतर सांगा, आधी प्रत्येकीची ओळ वाचा." काही ताया हसतात, म्हणतात की मॅडमचं हे पाठच झालं. होऊ द्या पाठ.

याचा बँकेशी काय संबंध, असंही काही जणी विचारतात. समूहाचं अंतर्गत कर्ज वेगळं आणि बँकेचं कर्ज वेगळं, हे खरं आहे. बँकेचं कर्ज समूहाच्या नावावर असतं. पण ते वाटलं जातं आपल्यातच, आणि कोणत्या बाईला किती दिलं, तिने किती फेडलं हे आपल्याच नोंदीतून पुढं जातं. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार 2016 पासून बँकांनी गटातल्या सभासदांची कर्जमाहितीही पतमाहिती कंपन्यांना द्यायची आहे. तेच ते, ज्याला सगळे 'सिबिल' म्हणतात. उद्या एखादी ताई शेळीपालनासाठी किंवा पोरीच्या शिक्षणासाठी स्वतःच्या नावावर कर्ज मागायला गेली, तर समूहातली तिची वागणूक तिच्या आधी तिथं पोचलेली असू शकते. ती चांगली असेल तर कामाला येते, आणि चुकीची लिहिलेली असेल तर तिला पत्ताही नसतो की नाही का म्हणाले.

जुन्या समूहांनी 'कट-ऑफ' बैठकीकडं जास्त लक्ष द्यावं. ॲपमध्ये नेहमीच्या बैठका भरायच्या आधी आजवरची एकूण बचत आणि आजची कर्जबाकी एकदाच भरावी लागते. नव्या घराचा पायाच म्हणा. तिथं एखादीची आठ वर्षांची बचत एक शून्य कमी पडून गेली, तर पुढच्या सगळ्या महिन्यांचे आकडे त्या चुकीवरच उभे राहतात. तुमच्या समूहाचं हे काम झालं असेल तर त्या दिवशी तुमच्या नावापुढं कोणता आकडा टाकला ते विचारा. आणि तो तुमच्या वैयक्तिक पासबुकाशी ताडून पाहा. पासबुक हरवलं असेल, पावसात भिजलं असेल, तर आधी ते नवीन करून घ्या. माझ्या मते सभासदाचं पासबुक ही समूहातली सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाची वही आहे.

नावाचं तर 2024 च्या जुलैत आपण सगळ्यांनी अनुभवलं, लाडकी बहीणचे अर्ज भरताना. आधारवर सासरचं नाव, बँकेत माहेरचं. कुठं 'बाई' लावलेलं, कुठं नाही. खातं आधारला जोडलेलंच नाही. एक आजी म्हणाल्या होत्या, "माह्यं नाव त तीन कागदावर तीन हाय, आता मी कोनती?" तोच गोंधळ लोकोसमध्ये नको. सीआरपी ताईला नाव तोंडी सांगू नका, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक दोन्ही समोर ठेवा. दोन्हींत फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्तीला टाका.

आणि मोबाईल नंबर. इथं मला थोडं जास्त बोलायचं आहे.

बऱ्याच तायांच्या नावापुढं नवऱ्याचा, पोराचा, नाहीतर सीआरपी ताईचाच नंबर दिलेला असतो. पोरगा पुण्याला कंपनीत, आणि आईच्या बँकेचा मेसेज त्याच्या फोनवर. पूर्वी गावात दवंडी पिटली की ती सगळ्यांना ऐकू यायची, घरात असो की विहिरीवर. आता निरोप नंबरवर जातो. जगभरातल्या सामाजिक संस्था यासाठी निरनिराळी सॉफ्टवेअर वापरतात, ज्यात माणसांची नोंदवही आणि त्यांना निरोप पाठवायची सोय एकत्र असते. 2005 साली सुरू झालेलं 'सिव्हीसीआरएम' हे त्यातलं एक, कोणत्याही संस्थेला फुकट वापरता येणारं. ते उभं करणाऱ्यांपैकी एक, डोनाल्ड लोबो, पुढं 'प्रोजेक्ट टेक फॉर डेव्ह'च्या माध्यमातून भारतातल्या संस्थांसोबत काम करू लागले. तिथून 'ग्लिफिक' तयार झालं, ज्यातून संस्था आपल्या लोकांशी व्हॉट्सॲपवर त्यांच्या भाषेत बोलू शकते. नेटवर्क नसलेल्या भागात माहिती भरण्यासाठी 'अवनी' नावाचं सॉफ्टवेअरही आहे. ही सगळी चांगली साधनं आहेत. पण नोंदवहीत नंबर चुकीचा असेल तर कितीही भारी सॉफ्टवेअर निरोप चुकीच्याच घरी नेऊन देणार.

म्हणून नंबर बदलला की दोन ठिकाणी सांगा, समूहात आणि बँकेत. स्वतःचा फोन नसेल तर तसं स्पष्ट सांगा. दुसऱ्याचा नंबर देताना तो माणूस निरोप तुमच्यापर्यंत आणतो का, याचा विचार करा. शेजारची समूहातलीच मैत्रीण कधी कधी घरच्या पोरापेक्षा बरी. आणि ग्रामसंघाच्या पदाधिकारी तायांना माझी विनंती आहे की व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आपल्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा निरोप टाका, आपल्याच बोलीत. ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांची यादी वेगळी ठेवा आणि त्यांना फोन लावा किंवा घरी सांगा. समाज मंदिराच्या भिंतीवरचा फळा अजून निवृत्त करू नका.

व्हॉट्सॲपवर काय टाकू नये हेही त्यातच येतं. थकबाकीदारांची यादी टाकू नका. ज्या ग्रुपमध्ये कोणाचा नवरा, कोणाचा दीर आहे, तिथं एका बाईचं कर्ज सगळ्या गावाला दिसतं, आणि घरी गेल्यावर तिचं काय होतं ते आपण जाणतो. तो विषय बैठकीत, समोरासमोर. आधार कार्डाचा, पासबुकाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. सीआरपी ताईला द्यायचा असेल तर तिलाच द्या, आणि कशासाठी ते विचारा. संसदेने 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला आहे. आपल्या माहितीतली चूक दुरुस्त करून मागण्याचा हक्क त्यात दिलेला आहे, त्यामुळं विचारताना संकोच नको. फोनवर आलेला ओटीपी आणि एटीएमचा पिन कोणालाही सांगायचा नाही, "उमेदमधून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही नाही. पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच 1930 ला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढं निघून जातात.

आता वही काहून लिहायची, ते. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र नियमित लेखे, आणि लेखे म्हणजे ज्यावर तुम्ही सह्या केल्या ते. बैठकीत, सगळ्यांसमोर, पैसे हातात असताना लिहिलेली ओळ हा आपला पुरावा आहे. ॲपमध्ये काही चुकलं तर ते कशाशी ताडून पाहणार? फोन बिघडला, सीआरपी ताई बदलली, तरी वही पेटीत राहते. एक दिवस ॲप इतकं चांगलं होईल की वही लागणारच नाही, असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही, निदान इतक्यात तरी.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं पासबुक आणावं. बचतीचे पैसे जमा झाले की सचिव ताईने वहीतली एकेक ओळ मोठ्याने वाचावी: नाव, आजवरची बचत, कर्ज, बाकी. सीआरपी ताईने तीच ओळ ॲपमध्ये पाहून "बरोबर" किंवा "फरक आहे" म्हणावं. बारा जणींच्या समूहाला वीस-पंचवीस मिनिटं लागतील. जिला वाचता येत नाही तिनेही ऐकून सांगावं, कारण आपण किती भरले ते बाईला पाठ असतं, अंगठा उठवणारीलाही. फरक निघाला तर कोणावर ओरडू नका. इतिवृत्तात लिहा, कोणाच्या ओळीत, किती रुपयांचा, आणि खाली सह्या घ्या. तो कागद घेऊन लिपिका ताई किंवा सीआरपी ताई ग्रामसंघाच्या बैठकीत येतील, तिथून दुरुस्ती पुढं जाईल. चूक ज्या महिन्यात झाली त्याच महिन्यात सापडली तर काम सोपं असतं, म्हणून हे दर महिन्याला करा, मार्चची वाट पाहू नका.