बॅटरीवरून थेट घेतलेली तार

ती तार मी अजून जपून ठेवली आहे. हातभर लांब, लाल. एक टोक नव्यासारखं लाल आहे, पण मधे वीतभर भाग काळा पडून फुगलाय आणि त्यातून तांब्याचे केस बाहेर आलेत. कोणी गाडीत कॅमेरा, हॉर्न, लाइट, काहीही बसवायचं म्हणालं की मी आधी ती तार त्याच्या हातात देतो.

रिठदला घरासमोर गाडी उभी असते. शेती, त्यामुळे गाडी रोज हलतेच असं नाही. आईच्या तपासण्यांसाठी नागपूरला जावं लागायचं, शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्गावर चढून. आणि रोजचा आमचा वाशिम-रिसोड रस्ता, जिथे अंधारात मागचा दिवा नसलेली ट्रॉली अचानक पुढ्यात येते. अपघातात चूक कोणाची हे दाखवायला पुरावा असावा म्हणून डॅशकॅम घ्यायचं ठरवलं. घेतला ते योग्यच केलं, आजही गाडीत आहे. चूक झाली ती जोडणीत.

भाच्याचं म्हणणं होतं, रडार डिटेक्टर घे, पुढे स्पीडगन असली की तो आवाज देतो. मी चौकशी केली आणि नको म्हटलं. आपल्याकडे महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांवर लेझरची गन असते. लेझरचा झोत अरुंद असतो. तो आपल्या गाडीवर पडला की क्षणात वेग मोजून होतो, म्हणजे डिटेक्टर ओरडेपर्यंत चलानाचा फोटो निघालेला असतो. समृद्धीवर कारला १२०ची मर्यादा आहे, ती पाळली की या यंत्राची गरजच उरत नाही. तरीही ज्याला ते बसवायचंच आहे त्याने पुढचं वाचावं, कारण त्यालाही गाडीतूनच करंट द्यावा लागतो आणि धोका तोच आहे.

अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात मुलाने बॉनेट उघडलं. "भाऊ, डायरेक्ट बॅटरीवरून घेतो, गाडी बंद असली तरी रेकॉर्डिंग चालू राहील." मी विचारलं, फ्यूज? "एवढ्याशा कॅमेऱ्याला कायचा फ्यूज? काही होत नाही." पंधरा मिनिटांत काम झालं. मी पैसे दिले आणि खुशीत घरी आलो.

पहिला फटका हिवाळ्यात बसला. रात्री दोनच्या सुमारास आईला धाप लागली. तिला धरून गाडीत बसवलं, चावी फिरवली, तर नुसतं टक् टक् टक्. शेजाऱ्यांना उठवलं, त्यांची पिकअप समोर लावून जम्पर केबल जोडली. यात वीस मिनिटं गेली. आई वाचली, पण तिने दाराचं हँडल घट्ट धरून काढलेली ती वीस मिनिटं मी विसरू शकत नाही.

हिशेब सोपा होता, मी तो आधी केला नव्हता. कॅमेरा उभ्या गाडीत साधारण ०.३ अँपिअर ओढतो. गाडी चार दिवस हलली नव्हती, म्हणजे ९६ तास. गुणाकार केला की जवळपास २९ अँपिअर-अवर होतात, आणि लहान पेट्रोल गाडीची बॅटरीच ३५ची असते. ती अर्ध्याखाली गेली की थंडीत स्टार्टर फिरायला कुरकुरतो. माझी तर तळाला गेली होती.

त्यानंतर मी रात्री कॅमेऱ्याची पिन काढून ठेवायला लागलो आणि प्रश्न सुटला असं समजलो. पण तारेत करंट होताच. पिन काढली तरी बॅटरीपासून पिनेपर्यंतची लांबी चोवीस तास जिवंत असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मे महिन्यात रिसोडहून परतताना प्लास्टिक जळाल्याचा वास आला. मग स्टीअरिंगखालून धूर. गाडी कडेला घेतली, चावी काढली, तरी धूर वाढतच होता. तार इग्निशनवर नव्हती, तिला चावीशी काही देणंघेणं नव्हतं. सोबतच्या भाच्याने डिकीतून दहा नंबरचा पाना काढला आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली. तेव्हा कुठे धूर थांबला. १ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ समृद्धीवर बस पेटून २५ माणसं गेली. त्या आगीचं कारण वेगळं होतं, पण आमच्या भागात गाडीतून धूर निघाला की तीच पहाट आठवते.

नंतर एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडी उघडून दाखवली. इंजिनकडून केबिनमध्ये येताना पत्र्यात भोक असतं, त्यात रबरी ग्रोमेट. दुकानातल्या मुलाने ग्रोमेट थोडं सरकवून तार पत्र्याच्या कडेलगत खुपसली होती. सहा महिने गाडी हादरत राहिली, कड तारेवर घासत राहिली, उन्हात इन्सुलेशन मऊ झालं आणि तांबं बॉडीला टेकलं. शॉर्ट झाल्यावर बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते. वाटेत फ्यूज नसल्याने ती तारच तापत गेली. कंपनीच्या हार्नेसमधल्या दोन वायरी तिला चिकटून वितळल्या होत्या. ते म्हणाले, "फ्यूज कॅमेऱ्यासाठी नसतो भाऊ, तारेसाठी असतो."

हे ऐकताना मला आमच्या शेतावरची डीपी आठवली. ओलिताच्या दिवसांत फ्यूज सारखा उडतो म्हणून आपण त्यात जाड तार गुंडाळतो आणि मोटर चालू ठेवतो. तीच सवय आपण गाडीत नेतो. फ्यूज उडाला की सिगारेटची चांदी, नाहीतर पाचच्या जागी वीसचा. हे करू नका. फ्यूज उडतो तेव्हा कुठेतरी तार घासलेली असते किंवा काही बिघडलेलं असतं. ते आधी शोधा.

आता जोडणी कशी करावी ते सांगतो, माझी दुसऱ्यांदा झाली तशी. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढायची. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर तिथेच ठिणगी उडते. करंट बॅटरीवरून न घेता केबिनमधल्या फ्यूज बॉक्समधून घ्यायचा, फ्यूज टॅप लावून. त्याला दोन घरं असतात: एकात जुना फ्यूज जसाच्या तसा, दुसऱ्यात कॅमेऱ्याचा नवा. डॅशकॅमला २ अँपिअरचा, करड्या रंगाचा पुरतो. टॅप तुमच्या फ्यूजच्याच मापाचा हवा, जबरदस्तीने ठोकला तर घर सैल होऊन तिथेच तापतं. जागा निवडताना चार्जिंग सॉकेटची लाईन घ्या, जी चावी काढल्यावर बंद होते; नेमकी कोणती ते टेस्ट लॅम्प लावून पाहा. एअरबॅग, एबीएस, इंजिन आणि ब्रेक लाइट यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. अर्थ घ्यायचा तो बॉडीच्या मूळ बोल्टवर, रंग खरवडून.

गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग हवंच असेल तर तीन तारांचा हार्डवायर किट घ्या, ज्यात व्होल्टेज घसरलं की कॅमेरा आपोआप बंद होतो. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते आणि १२.२ला ती साधारण निम्मी झालेली असते. म्हणून कटऑफ १२.२च्या खाली ठेवू नका. मी स्वतः ती सोय घेतलीच नाही. माझ्या घरात आई आहे आणि मला रात्री दोनला सुरू होणारी गाडी हवी आहे.

पुढच्या काचेशेजारच्या खांबावरून तार नेताना तिथे पडद्याची एअरबॅग आहे का हे नक्की पाहा. असेल तर तार तिच्या मागून जायला हवी. पुढून गेली तर एअरबॅग उघडताना अडते किंवा तार झटक्याने चेहऱ्याकडे येते. खात्री नसेल तर तो खांब उघडूच नका, तार दाराच्या रबरात दाबून न्या. आणि आपल्याकडच्या उन्हात लिथियमची बॅटरी असलेला कॅमेरा काचेला लावून ठेवू नये, ती फुगते. सुपरकपॅसिटरवाला थोडा महाग पडतो, पण तोच घ्या. दाणे साठवलेल्या खोलीजवळ गाडी लावत असाल तर उंदीर आलेच, बॉनेटखालच्या प्रत्येक जादा तारेवर नळी चढवा.

तुमच्या गाडीत आधीच काही बसवलेलं असेल तर आज संध्याकाळी बॉनेट उघडा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर कंपनीच्या जाड केबलसोबत एखादी बारीक तार कसलेली दिसेल. टोकापासून वीतभर अंतरात तिच्यावर फ्यूजची डबी आहे का ते हाताने चाचपा. नसेल तर निगेटिव्ह सोडवा, ती तार काढून टाका आणि मगच गाडी बाहेर काढा. दहा नंबरचा पाना मात्र डिकीत ठेवू नका. माझा आता ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात असतो.