द्राक्षबागेतील बुरशी जेवते कशी?



दिंडोरी तालुक्यात ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की केवडा (डाऊनी) येतो आणि पुढे थंड, ढगाळ हवेत भुरी येते, हे आपणांस सांगावयास नको. दोन्ही रोगांत पांढरी वाढ दिसते, म्हणून पुष्कळदा एकच औषध दोन्हींवर मारले जाते आणि खर्च वाया जातो. हे टाळावयाचे तर बुरशी अन्न कसे मिळविते हे समजून घ्यावे.

बुरशीत हरितद्रव्य नसते. त्यामुळे वेलीप्रमाणे तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. आपण आधी खातो व मग पचवितो. बुरशी आधी पचविते व मग खाते. तिचे सुतासारखे धागे सभोवार पाचक रस सोडतात. शेणखताच्या ढिगात या रसांमुळे काडीकचऱ्यातील सेल्युलोजची साखर होते आणि ती पाण्यात विरघळून धाग्यांत शोषली जाते. ढीग कोरडा पडला की कुजणे थांबते ते यामुळेच. ट्रायकोडर्मा अशीच जगते. शिवाय रोगकारक बुरशींचे धागेही पचविते.

केवडा व भुरी यांना मात्र जिवंत पान लागते. पेशी मेली तर त्यांचाही खाना बंद! पेशीत बोटासारखे शोषक खुपसून ते आयती साखर ओढतात. फरक आहे तो जागेचा. भुरीचे धागे पानावर पसरतात आणि शोषक फक्त वरच्या थरातील पेशींत जातात. सारा संसार उघड्यावर असल्याने गंधकाचा तिच्यावर चांगला परिणाम होतो. मात्र कडक उन्हात गंधक मारू नये, पाने भाजतात.

केवड्याचे बीजाणू पानावरील पाण्यात पोहत पर्णरंध्रातून आत शिरतात व पेशींच्या मधून वाढतात. वर तेलकट डाग आणि खाली पांढरी वाढ दिसते, तेव्हा त्यांचे जेवण आत बरेच दिवस चाललेले असते. फ्रान्समध्ये मिलार्डे यांनी 1885 साली प्रसिद्ध केलेले बोर्डो मिश्रण आजही उपयोगी आहे, पण ते पानावरच राहते. म्हणून ते पावसापूर्वीच मारावे.

शास्त्रज्ञ आता केवड्याला खऱ्या बुरशीत धरीत नाहीत. हा केवळ नावाचा वाद नव्हे. हेक्साकोनॅझोलसारखी भुरीवरील औषधे बुरशीच्या ज्या घटकावर घाव घालतात, तो केवडा तयारच करीत नाही. त्यामुळे ती त्यावर चालत नाहीत. दुकानात डबा घेताना लेबलावर कोणत्या रोगाचे नाव आहे ते वाचावे, आणि ट्रायकोडर्मा सोडलेल्या वाफ्यात ताम्रयुक्त औषधाची आळवणी करू नये.