घरपट्टी किती वाढावी?

घरपट्टी आपल्या ओळखीची आहे. ती कोणाला आवडत नाही, पण दिवाबत्ती सगळ्यांना हवी असते! अमेरिकेतही घरपट्टी आहे. तिथल्या न्यूयॉर्क राज्याची हकीकत आज आपण वाचू.

तिथे घराच्या नि जमिनीच्या किमतीवर हा कर बसतो. गाव, शाळामंडळ आणि कौंटी हे सगळे तो घेतात. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. कर वर्षानुवर्षे वाढत गेला. घराची किंमत वाढली म्हणून घरातल्या माणसाची मिळकत वाढते थोडीच? पेन्शनीवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तो फार जड झाला.

म्हणून २०११ साली राज्याने कायदा केला. कराची रक्कम वर्षाला शेकडा २ हून जास्त वाढवायची नाही. महागाई त्याहून कमी वाढली, तर करही तेवढाच वाढवायचा. काही खर्च यातून वगळले. न्यूयॉर्क शहरालाही हा कायदा लागू नाही.

इथे पुष्कळांची गफलत होते. ही मर्यादा एकूण वसुलीवर आहे, एकेका घराच्या बिलावर नाही. समजा, गावाने गेल्या वर्षी १ लाख डॉलर गोळा केले. यंदा १ लाख २ हजार करता येतील. पण तुमच्या घराची किंमत शेजाऱ्यांच्या मानाने जास्त धरली, तर तुमचा कर शेकडा ५ नेही वाढेल.

बरं, गावाने हात आखडला, तरी सगळा खर्च गावाच्या हातात असतो का? नाही. गरिबांच्या औषधपाण्यासाठी १९६५ साली अमेरिकेत मेडिकेड योजना निघाली. केंद्र सरकार निदान निम्मा खर्च देते. उरलेला राज्याने द्यायचा. न्यूयॉर्क राज्याने त्यातला मोठा भाग कौंट्यांवर टाकला. मदत कोणाला नि किती, हे ठरवायचं वरच्यांनी. पैसे भरायचे कौंटीने, म्हणजे घरमालकांनी. आमंत्रण एकाने द्यावं आणि शिधा दुसऱ्याच्या घरून मागवावा, तसंच हे. गरिबाला औषध मिळायलाच हवं, यात वाद नाही. पण हुकूम देणाऱ्याने खिशातही हात घालावा, असं आम्हांला वाटतं. नाहीतर करावरची मर्यादा म्हणजे भांड्यावर नुसतं झाकण. खाली जाळ तसाच.

हे राज्यालाही थोडंफार पटलं. कौंट्यांच्या या वाट्याच्या वाढीला २००५ च्या कायद्याने आळा बसला. पुढे २०१५ पर्यंत वाढीचा भार राज्याने टप्प्याटप्प्याने आपल्याकडे घेतला. जुना वाटा मात्र कौंट्यांकडेच राहिला.

कराची मर्यादा आधी ठराविक मुदतीची होती. २०१९ साली ती कायमची झाली. ती ओलांडता येते, पण गावाच्या मंडळात शंभरात ६० मते लागतात. शाळेचा खर्च तर मे महिन्यात मतदारांपुढेच येतो. मर्यादेच्या आत असेल, तर निम्म्याहून अधिक मते पुरतात. बाहेर गेला, तर शंभरात ६० हवीत. दोनदा नापास झाला, की शाळेला गेल्या वर्षाइतक्याच करावर भागवावं लागतं.