पनामा कालव्याची क्रूझ: कुठे उतरावे?

प्रश्न : आम्ही दोघेही साठीपुढचे. पनामा कालव्याच्या क्रूझवर किनाऱ्यावरच्या कोणत्या सहली निवडाव्यात?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : जहाज पूर्ण कालवा ओलांडणार असेल, तर त्या दिवशी डेकवरच थांबा. लॉकमधून जहाज २६ मीटर वर चढताना पाहणे हीच खरी सहल. ते गाटुन तलावातूनच परतणार असेल, तर आग्वा क्लारा प्रेक्षक केंद्राची सहल निवडा. २०१६ साली सुरू झालेले मोठे लॉक तिथून छान दिसतात. कोलंबियातल्या कार्ताहेनातले तटबंदीचे शहर सकाळीच पाहा; सान फेलिपे किल्ल्याची चढण गुडघ्यांना जड जाते. लांबची सहल जहाज कंपनीचीच घ्या. तिला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. पीतज्वराच्या लशीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा. दाखला लशीनंतर १० दिवसांनी लागू होतो आणि परतताना भारतात तो लागतो.